चाचांनी न दिलेला राजीनामा

'राजीनामा' हा शब्द कानावर पडला की अजूनही माझं डोकं तडकतं. पेपरात रोज कुणा ना कुणाचा असतो. कुणी देतो, कुणी देतो म्हणून देत नाही, कुणी दिलेला परत घेतो. लोक चहा पिता पिता वाचतात आणि पान उलटतात. मला ते जमत नाही. मी एक असा राजीनामा पाहिलाय, जो देणाऱ्यानं दिलाच नव्हता.

भूमकडच्या एका मोठ्या गावात मी मुलींचा वर्ग शिकवायला गेले, तेव्हा आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या कचेरीतली उर्दू लोकांच्या तोंडातून गेली नव्हती. माझ्याही नाही. माझे वडील उस्मानाबादच्या कोर्टात मुहर्रिर होते, म्हणजे लिखापढी करणारे कारकून. मी शाळा शिकले तीही उर्दूतच. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि आता शिकवायला पुन्हा मराठी. आमच्या पिढीला याचं काही वाटायचं नाही. आम्ही दोन्ही भाषा एकाच तोंडानं बोलायचो आणि कुठला शब्द कुठला हे बघायला थांबत नसू.

शाळा गावातल्या एका संस्थेची होती. मुलांचे वर्ग मोठ्या इमारतीत, आणि मुलींचा एकच वर्ग शेवटच्या खोलीत. पाचवी, सहावी, सातवी, सगळ्या तिथंच. मी एका ओळीला गणित घालून दुसरीला कविता सांगायची. खोली अंधारी, कौलं गळकी. पण त्या खोलीत मुसलमानांच्या मुली येत होत्या, मराठ्यांच्या येत होत्या, साळ्याच्या दोघी बहिणी येत होत्या. मोठ्या झालेल्या मुली घराबाहेर पडून शाळेत येतात ही त्या गावात तेव्हा साधी गोष्ट नव्हती. त्या येत होत्या ते एका माणसाच्या शब्दावर. गाव त्यांना चाचा म्हणायचं.

चाचा निजामाच्या काळात त्याच गावच्या शाळेचे हेडमास्तर होते. लांब शेरवानी, पांढरी दाढी, आवाज बारीक पण ठाम. गावात पन्नाशीच्या आतबाहेरचा जो कुणी लिहितावाचता होता, तो चाचांच्या हातची छडी खाल्लेला. नंतर जमाना पालटला, शाळा मराठी झाली, चाचा घरी बसले. तरी संस्था निघाली तेव्हा त्यांना मंडळात घेतलं. घेतलं कसलं, त्यांच्याशिवाय मुली आल्याच नसत्या.

मंडळ पाच जणांचं. अध्यक्ष गावचे सगळ्यात मोठे जमीनदार, त्यांना सगळे मालक म्हणायचे. दुसरे बार्शीकडून येऊन स्थायिक झालेले वकील. त्यांना सभेच्या नियमांचं भारी वेड. तिसरे आडत दुकानदार, ते दर ठरावाला आधी मालकांच्या तोंडाकडं बघायचे आणि मग हात वर करायचे. चौथा एक शेतकरी, ज्याची मुलगी माझ्या सातवीत होती. आणि पाचवे चाचा. इतिवृत्त लिहायला मला बसवत, कारण माझं अक्षर चांगलं. मत मला नव्हतं. बोलायचं असलं तर अध्यक्षांची परवानगी घ्यायची.

मालकांना ती शेवटची खोली हवी होती. मुलांची नववी सुरू करायची होती, तिला जागा नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुली तशाही सातवीनंतर घरीच बसणार, मग नववीची पोरं का अडवायची? पण संस्थेच्या घटनेत एक कलम होतं. चालू वर्ग बंद करायचा तर सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. एक जरी नाही म्हणाला तरी वर्ग चालू. चौघं व्हय म्हणत होते आणि चाचा नाही म्हणत होते. चाचा मंडळात आहेत तोवर माझ्या मुली शाळेत आहेत, एवढं मला कळत होतं आणि मालकांनाही.

हा वाद कितीतरी महिने चालला. दर सभेला विषय निघायचा, दर सभेला चाचा नाही म्हणायचे, आणि मालकांचा आवाज दर वेळी थोडा चढायचा. एकदा ते म्हणाले, "चाचा, तुमचा जमाना गेला आता." त्या दिवशी घरी जाताना चाचा माझ्याशी बोलले नाहीत. एरवी कोपऱ्यापर्यंत मुलींची चौकशी करत यायचे.

मग ती सभा आली. दुपार कलली होती. मालकांनी पुन्हा खोलीचा विषय काढला. चाचा नेहमीसारखे नाही म्हणतील म्हणून मी तेवढं लिहूनही टाकलं होतं. पण चाचा उभे राहिले. चेहरा हसरा. म्हणाले, "मालक, बस्स झालं हे भांडण. लई दिस झाले. लेकरांसमोर आपुन बुजुर्ग भांडतोय, शरम वाटती. मी राजीनामा द्यायला तयार हाय. आत्ता, सगळ्यांसमोर. दिला म्हणून समजा." तेवढ्यात असरची अजान झाली. चाचांनी छातीवर हात ठेवला. "बाकीचं नमाजहून आल्यावर लिहू," म्हणाले, आणि जोडे घालून निघून गेले.

मला आनंद झाला. खरंच झाला. कारण चाचा काय म्हणाले ते मला स्वच्छ कळलं होतं. उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोड. दोन भांडणारे राजी होतात आणि कोर्टात लिहून देतात, तो राजीनामा. माझ्या वडिलांनी असले किती लिहिले असतील. काम सोडायचं तर आमच्याकडं इस्तिफा देत. चाचांना काहीतरी मधला मार्ग सुचला होता आणि तो ते परत येऊन सांगणार होते.

मालक खिडकीतून बाहेर बघत बसले. मग वकील चष्मा पुसत म्हणाले, "अनपेक्षित आहे. पण दिला. आता मंजुरीचा ठराव हवा."

मी परवानगीबिरवानगी विसरले. म्हटलं, "वकीलसाहेब, चाचा समझोता म्हणतायत. सोडून जातो असं नाही म्हणाले ते."

"बाई, राजीनामा म्हणजे राजीनामा." वकील खरंच गोंधळले होते. त्या माणसावर मी पुढं खूप चिडले, पण एवढं मान्य करते की त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. तो बार्शीचा. त्याच्या मराठीत त्या शब्दाला एकच अर्थ होता.

पण बाकीचे तिघं? मालक चाचांच्या शाळेत शिकलेले. आडतवाले शिकलेले. तो शेतकरी शिकलेला. मी मालकांकडं वळले. "मालक, तुम्ही सांगा यांना. तुम्हाला माहीत आहे."

मालकांनी खिडकीवरची नजर काढली नाही. म्हणाले, "बाई, आता कारभार मराठीत चालतोय."

आडतवाल्यांनी मालकांकडं बघितलं आणि मान हलवली. मी शेतकऱ्याकडं बघितलं. तो उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होता. मालकांच्या विहिरीवर त्याच्या रानाची पाण्याची पाळी होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मी वकिलांना विचारलं, तोंडी राजीनामा चालतो का? त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. शांतपणे पानं चाळली. भर सभेत, अध्यक्षांसमोर दिलेला चालतो, इतिवृत्तात नोंद झाली की पुरे. "मात्र," ते म्हणाले, "मंजूर होईपर्यंत सदस्याला तो परत घेता येतो. त्यांचा तसा उद्देश नसेल तर त्यांनी येऊन सांगावं. बोलवा त्यांना."

मी लेखणी टाकली आणि पळाले.

मशीद शाळेपासून लांब नव्हती. त्या गावात बाई माणसानं रस्त्यानं पळणं म्हणजे घरात कुणी गेलं असाच अर्थ व्हायचा. दोघी-तिघी बायका दारात येऊन विचारायला लागल्या. मी मशिदीच्या पायऱ्यांशी जाऊन थांबले. आत जाता येत नव्हतं. हाक मारता येत नव्हती. आत पुरुष रांगेत उभे होते, वाकत होते, बसत होते, आणि त्यात मला चाचांची पाठ दिसत होती. माणूस देवापुढं उभा असताना त्याला ओढून आणणार कसं? मी तिथं जोड्यांच्या ढिगाशी उभी राहून पदर चावत होते. चाचा लवकर लवकर आटपा, मी मनात म्हणत होते, आणि असं म्हणायची लाजही वाटत होती. नमाज संपली तरी चाचा बसूनच राहिले. हात पसरून कितीतरी वेळ दुवा मागत होते. त्या दिवशी त्यांना देवाशी बोलायला बरंच होतं.

बाहेर आले ते हसतच. मला बघून म्हणाले, "काय बाई, बोलवायला आलात? मिटलं ना सगळं?"

मी सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, आठवत नाही. ते जोडा घालता घालता थांबले. एक पाय जोड्यात, एक बाहेर. मग म्हणाले, "न्हाय, न्हाय. मालकाला ठावं हाय. तो सांगंल त्यांना." मी फक्त नाही म्हणून मान हलवली. तेव्हा ते निघाले, आणि त्या वयात माझ्याबरोबर जवळजवळ पळत आले.

आम्ही पोचलो तेव्हा वकील स्वतःच्या हातानं इतिवृत्त लिहून सही करत होते. ठराव मालकांनी मांडला होता. अनुमोदन शेतकऱ्यानं दिलं होतं. "आम्ही थांबलो होतो," वकील म्हणाले, "पण अध्यक्षांना पुढं काम होतं."

चाचा दारातच उभे राहिले. त्यांनी वकिलांकडं बघितलंही नाही. मालकांना म्हणाले, "हा लफ्ज मी फळ्यावर लिहिला व्हता. तू पाटीवर उतरून घेतला व्हतास. पयल्या बाकावर बसायचास तू. विसरलास?"

चाचा मालकांना 'तू' म्हणाले हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मालकांचे कान लाल झाले. पण ते उठले, काठी घेतली, आणि आमच्या मधून बाहेर गेले.

पुढचा महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. अजून एक आशा होती: पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तोवर त्यात दुरुस्ती होऊ शकते. मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेले. तो परसात जाऊन बसला आणि बायकोला पुढं केलं. ती रडायला लागली, मग मी काय बोलणार? मी एसटीनं उस्मानाबादला गेले, शिक्षण खात्याच्या कचेरीत बाकावर दिवसभर बसले. साहेबांनी शेवटी आत घेतलं. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, हा संस्थेचा अंतर्गत मामला आहे. सदस्यानं राजीनामा मागं घेतल्याचा लेखी अर्ज द्यावा, मग काही बघता येईल.

ते मला सोपं वाटलं. परत आल्या आल्या मी चाचांकडं गेले. "एवढं लिहून द्या, की मी राजीनामा मागं घेतो."

चाचा म्हणाले, "मागं घेतो म्हणलं, तर दिला व्हता असं व्हतंय की, बाई."

"होऊ द्या ना."

"कसं व्हऊ द्या? मी दिलाच न्हाय. न दिलेली चीज मागं घेऊ कशी?"

मी चिडले. खरं सांगते, मालकांवर चिडले नव्हते तेवढी त्या क्षणी चाचांवर चिडले. इथं मुलींचं शिक्षण चाललंय आणि हे शब्दाचा कीस काढत बसलेत. मी तसं तोंडावर बोलले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, माझ्याकडं आता दुसरं हाय तरी काय? जमाना गेला, शाळा गेली, माझी भाषा गेली. मी काय बोललो आन काय न्हाय बोललो, एवढंच माझं ऱ्हायलंय. ते बी त्यांच्या हातानं लिहून घेऊ?"

मी उठून आले. रस्त्यात मला रडू कोसळलं, कारण ते म्हणत होते ते खरं होतं. आणि ते खरं असण्याचा माझ्या मुलींना काही उपयोग नव्हता. त्यानंतर मी पुन्हा विचारायला गेले नाही. वर्गात शिकवत होते. सातवीतली ती शेतकऱ्याची पोरगी मान खाली घालून बसायची. तिला घरातलं सगळं कळत असणार.

सभेच्या दिवशी वकिलांनी मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं आणि दार वाजलं. चाचा होते. शेरवानी इस्त्री केलेली. हातात घडी घातलेला कागद. त्यांनी कुणालाच सलाम केला नाही, सरळ येऊन कागद वकिलांपुढं ठेवला.

मी शेजारी होते, मला दिसला. देवनागरीत लिहिला होता. चाचांना देवनागरी उशिरा आली, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब, वेलांट्या चुकलेल्या. 'मी दिलेला राजीनामा मागे घेत आहे.' एवढंच, आणि खाली सही. त्यांनी ते केलं होतं. जे मरेपर्यंत करायचं नाही असं ठरवलं होतं ते, मुलींसाठी, स्वतःच्या हातानं केलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं, पण ते भिंतीकडं बघत होते.

वकिलांनी कागद दोनदा वाचला. मग नियमांचं पुस्तक उघडलं. तेवढ्यानंच मला कळायला हवं होतं.

"चाचा," ते आदरानं म्हणाले, "राजीनामा मंजूर होण्याआधी परत घेता येतो. मंजूर झाल्यावर नाही. मला वाईट वाटतं." मग त्यांचा चेहरा जरा उजळला, कायद्याच्या माणसाचा उजळतो तसा. "पण हा अर्ज आणलात ते बरं झालं. तोंडी राजीनाम्याबद्दल बाईंनी शंका काढली होती, तिकडं कचेरीतही तक्रार गेलीय असं कळतं. आता तुम्ही स्वतःच 'मी दिलेला राजीनामा' असं लिहून दिलंय. प्रश्न मिटला. हा कागद इतिवृत्ताला जोडून घेऊ."

आणि जोडून घेतला. टाचणी लावून. मालकांनी इतिवृत्त कायम केलं. नंतर वकिलांच्या सूचनेवरून, मावळत्या सदस्यांच्या सेवेबद्दल मंडळानं आभाराचा ठरावही केला. आडतवाल्यांनी मांडला, शेतकऱ्यानं अनुमोदन दिलं, आणि चाचा उभे राहून तो ऐकत होते. कुणी आभार मानले तर गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. ते हळूच म्हणाले, "शुक्रिया."

पुढचा विषय खोलीचा होता. सदस्य नसलेल्यांनी बाहेर थांबावं, असं मालक म्हणाले. मीही उठले. मला कुणी थांब म्हटलं नाही. आम्ही दोघं व्हरांड्यात उभे राहिलो. खिडकी उघडी होती. आत कुणी भांडत नव्हतं, आवाजही चढत नव्हते. भांडायला कोण होतं आता? चाचांना कमी ऐकू यायचं. "काय म्हणतायत?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सर्वानुमते. त्यांनी मान हलवली. तो शब्द मात्र त्यांना नीट कळत होता.

मला वाटलं होतं मी त्या दिवशी ओरडेन, दार ढकलून आत जाईन, निदान मालकांच्या तोंडावर काहीतरी फेकेन. काही केलं नाही. चाचांची क्षमा मागायची होती, पण कशाकशाची मागू? मी म्हटलं, "उद्या सकाळी मुलींना काय सांगू, चाचा?"

"तुम्ही नका सांगू," ते म्हणाले. "माझ्या जबानीवर धाडल्या व्हत्या त्यांनी पोरी. मलाच जायाला पायजे."

आम्ही तिथूनच निघालो. पहिलं घर साळ्याचं. माग बंद होता, बाप बाजारला गेला होता. चाचांना दारात बघून आई लगबगीनं पदर सावरत पुढं आली. हेडमास्तर आणि बाई दोघंही दारात, म्हणजे पोरींनी शाळेत काहीतरी केलं असणार आणि त्यांना परत शाळेत बोलावलंय, असं तिला वाटलं. चाचा बोलायला लागले. तेवढ्यात ती घाबरी होऊन आत वळली आणि ओरडली, "अगं चला गं लवकर, चाचा न्यायला आलेत!"

दोघी बहिणी धावत बाहेर आल्या. एकीच्या हातात पाटी होती, दुसरीनं दप्तर खांद्याला लावलेलं होतं.